राजमाता: इस्तंबूलची आणि चांद्याची

राजमाता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिजाऊ येतात, आणि ते अगदी बरोबर आहे. पण जगाच्या इतिहासात काही ठिकाणी राजमाता हे नुसतं आदराचं संबोधन नव्हतं, ते चक्क पद होतं. नेमणूक, पगार, नोकरचाकर, मिरवणूक, सगळं असलेलं पद! तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात या पदाला 'वालिदे सुलतान' म्हणत. वालिदा म्हणजे आई, हा शब्द जुन्या हिंदी सिनेमांमुळे आपल्या कानावर असतोच.

'मॅग्निफिसंट सेंच्युरी' ही तुर्की मालिका तुमच्यापैकी काही जणांनी रात्र रात्र जागून पाहिली असेल. त्यातली हुर्रेम म्हणजे सुलतान सुलेमानची लाडकी राणी. गुलाम म्हणून आलेली मुलगी, जिच्याशी सुलतानाने रीतसर लग्न केलं. गंमत म्हणजे एवढी गाजलेली हुर्रेम वालिदे सुलतान कधी झालीच नाही. ती १५५८ मध्ये वारली, सुलेमान १५६६ मध्ये गेला, आणि मगच तिचा मुलगा सलीम गादीवर बसला. सुलतानाची बायको असणं वेगळं आणि सुलतानाची आई असणं वेगळं. खरी सत्ता दुसऱ्या जागेत होती.

ही व्यवस्था चालायची कशी ते थोडक्यात सांगतो. ऑटोमन सुलतान साधारणपणे लग्नं करत नसत. राजवाड्यात गुलाम म्हणून आणलेल्या मुली असत. कुणी क्रीट बेटावरची, कुणी युक्रेनकडची, कुणी बाल्कनमधली. त्यातल्या एखादीला मुलगा झाला की तिचं नशीब त्या मुलाला बांधलं जायचं. मुलगा सुलतान झाला की ही बाई साम्राज्यातली सगळ्यांत मोठी स्त्री. जुन्या राजवाड्यातून तोपकापी राजवाड्यापर्यंत तिची वाजतगाजत मिरवणूक निघायची. तिला रोजचा भत्ता असायचा. साफिये सुलतानला दिवसाला ३००० अक्चे मिळत. अक्चे म्हणजे चांदीची छोटी नाणी.

आणि मुलगा सुलतान झाला नाही तर? याच साफियेचा मुलगा मेहमेद तिसरा १५९५ मध्ये गादीवर बसला, तेव्हा त्याने आपले १९ सावत्र भाऊ मारवले. एकोणीस! त्या मुलांच्या आयांचं काय झालं असेल, याचा विचार करून बघा. ज्या दिवशी एका आईची मिरवणूक निघाली, त्याच सुमारास बाकीच्या आया मुलांच्या शवपेट्या जाताना बघत होत्या. यातल्या कुणीही स्पर्धेत आपणहून नाव नोंदवलेलं नव्हतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर वालिदे सुलतान म्हणजे यूजर आयडी मुलाचा आणि पासवर्ड आईकडे. हुकूम मुलाच्या नावाने सुटायचे, पण मुलगा लहान असेल किंवा बिनकामाचा असेल तर कारभार ही बाई बघायची. आता ज्यांनी ऑफिसात कुणाच्या तरी नावाने काम रेटलं आहे, त्यांना पुढचा प्रश्न लगेच सुचेल. आयडीचा मालक मोठा झाला आणि पासवर्ड मागायला लागला, की काय करायचं?

या प्रश्नाची दोन उत्तरं एकाच राजवाड्यात, एकाच पिढीच्या अंतराने मिळाली.

पहिलं उत्तर क्योसेम सुलतानचं. १६२३ मध्ये तिचा मुलगा मुराद अकरा वर्षांचा असताना सुलतान झाला आणि राज्य हिने चालवलं. १६३२ मध्ये मुरादने सूत्रं आपल्या हातात घेतली. तो गेल्यावर दुसरा मुलगा इब्राहिम आला. त्याचा कारभार इतका बिघडला की १६४८ मध्ये त्याला पदच्युत करून मारण्यात आलं, आणि पदच्युत करायला आईने संमती दिली होती. मग सहा-सात वर्षांचा नातू मेहमेद गादीवर आला. खरं तर आता त्याच्या आईने, म्हणजे तुरहानने, वालिदे व्हायचं. पण क्योसेम आजी जागा सोडेना. १६५१ मध्ये सुनेच्या बाजूच्या लोकांनी राजवाड्यातच सासूचा गळा आवळला.

दुसरं उत्तर त्याच तुरहानचं. सासूच्या खुनानंतर सत्ता तिच्या हातात आली. मुलगा लहान, बाहेर व्हेनिसशी युद्ध, तिजोरीत खडखडाट. १६५६ मध्ये तिने क्योप्रूलू मेहमेद पाशा नावाच्या म्हाताऱ्या वजिराला बोलावलं. त्याने अट घातली की माझ्या कामात कुणी ढवळाढवळ करायची नाही. तुरहानने ती मान्य केली आणि स्वतः मागे सरली. पुढे तिने दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर दोन किल्ले बांधले आणि इस्तंबूलच्या बंदराजवळ अर्धवट पडलेली मशीद पूर्ण करवली. आज पर्यटक 'येनी जामी' म्हणून जिचे फोटो काढतात, तीच ही. सत्ता सोडूनही ती १६८३ पर्यंत सुखाने जगली.

आता तुम्ही म्हणाल, जिवतीच्या पोराला इस्तंबूलचं काय पडलंय?

तर त्याचं असं आहे. तुरहाननंतरची एक वालिदे होती गुलनुश. क्रीट बेटावर जन्मलेली, लढाईत पकडली जाऊन राजवाड्यात आलेली. १६९५ ते १७१५ ही वीस वर्षं ती वालिदे सुलतान होती, एकामागून एक दोन मुलांच्या राज्यात. १७०३ मध्ये सैन्याने बंड करून थोरल्या मुलाला उतरवलं आणि धाकट्याला बसवायचं ठरवलं, तेव्हा बंडखोरांनी आईची संमती मागितली, आणि तिने दिली. १७०८ ते १७१० या काळात तिने बॉस्फोरसच्या पलीकडच्या तीरावर, उस्कुदारला, मोठी मशीद बांधवली. हीच वर्षं घेऊन नकाशावर आपल्याकडे या. चंद्रपूरला, म्हणजे तेव्हाच्या चांद्याला, याच वर्षांत एक राजमाता राज्य करत होती. तिचं नाव राणी हिराई.

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या मागे टाकून घाट चढून वर आलं की आमची जिवती. ज्या डोंगरावर आम्ही राहतो तो माणिकगडचा पहाड, आणि माणिकगडचा किल्ला गोंड राजांच्या राज्यातला. आमच्या भागात कोलाम आणि गोंड मूळचे. आमच्यासारखी बरीच घरं मराठवाड्यातून दुष्काळाच्या मागेपुढे आलेली. शाळेत आम्हाला पानिपत शिकवलं, प्लासी शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांतीसुद्धा शिकवली. ज्या राजांच्या डोंगरावर शाळा होती, त्यांच्यावर एक परिच्छेदही नव्हता. म्हणून हिराईची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

चांद्याचं गोंड राज्य काही शतकं टिकलं. खांडक्या बल्लाळशहा नावाच्या राजाने झरपट नदीकाठी शहर वसवलं असं मानतात. दंतकथेत एक ससा कुत्र्याच्या मागे धावतो, ते बघून राजा चकित होतो, आणि 'इथे शहर वसवा' असा सल्ला राजाला त्याची राणी देते. म्हणजे या शहराच्या जन्मकथेतच डोकं बाईचं आहे! पुढच्या राजांनी शहराभोवती दगडी परकोट पुरा केला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे आजही उभे आहेत आणि रोज त्यांच्यातून ट्रॅफिक जातं.

या घराण्यातला बीरशहा हा हिराईचा नवरा. त्यांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती. ती देवगडच्या गोंड राजघराण्यात दिली होती. कथा अशी सांगतात की जावयाने मुलीचा अपमान केला. बीरशहाने शपथ घेतली की याचं मुंडकं महाकालीला वाहीन, आणि युद्ध करून ती खरी केली. चांद्याच्या कथा अशा आहेत, मऊ नाहीत. पुढे बीरशहाचं दुसरं लग्न ठरलं आणि त्या लग्नाच्या धामधुमीत त्याच्याच पदरी असलेल्या हिरामण नावाच्या रजपुताने त्याचा खून केला, असं परंपरा सांगते.

हे साल साधारण १७०४. आता हिराईच्या जागी उभं राहून बघा. नवरा मारला गेलाय, तोही दुसऱ्या लग्नाच्या वेळी. पोटचा मुलगा नाही. शेजारच्या देवगडशी जुनं वैर, आणि तिथे बख्त बुलंदशहासारखा दमदार राजा, ज्याने नागपूर शहर वसवलं. वर औरंगजेब अजून जिवंत आहे आणि दख्खनमध्येच तळ ठोकून आहे. १७०७ मध्ये तो मेला, तर मोगलांत वारसायुद्ध सुरू झालं आणि मराठ्यांत शाहू विरुद्ध ताराबाई. म्हणजे कुणाला खंडणी द्यायची आणि कुणाला मुजरा करायचा हे दर दोन वर्षांनी बदलणार.

हिराईने राजघराण्याच्या चंदनखेड्याच्या शाखेतला एक मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव रामशहा. तो लहान होता म्हणून कारभार तिने पाहिला. इतिहासकार हा काळ साधारण १७०४ ते १७१९ असा धरतात. पंधरा वर्षं!

मला इथे इस्तंबूल आणि चांदा यांतला मोठा फरक दिसतो. तुर्की वालिदेची सगळी सत्ता 'मी याला जन्म दिला' या एका गोष्टीवर उभी होती. ती कुठून आली, तिचे आईबाप कोण, हे सगळं पुसलेलं असायचं. उरायचं फक्त मुलाशी असलेलं रक्ताचं नातं. हिराईकडे नेमकं तेच नव्हतं. ती राजाची आई होती ती कागदाने आणि विधीने. मुलगा तिने निवडला होता. त्याचे जन्मदाते त्याच राज्यात, घोड्यावर एका दिवसाच्या अंतरावर होते. उद्या हा मुलगा मोठा होऊन 'तू माझी कोण?' असं विचारू शकला असता. या भीतीने तिने त्याला कायम दाबून ठेवलं असतं, तरी त्या काळाच्या हिशेबात ते नवल नव्हतं.

दत्तक नातं राजकारणात किती कच्चं ठरू शकतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. ताराबाई म्हणजे हिराईच्याच काळातली दुसरी राजमाता. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, मुलगा चार वर्षांचा, आणि या बाईने सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. तिच्या शौर्याबद्दल दुमत नाही. पण १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाईने तिला मुलासकट कैदेत टाकलं. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर ताराबाईने 'हा माझा नातू' म्हणून पुढे आणलेला रामराजा सातारच्या गादीवर बसला. तो आपल्या म्हणण्याप्रमाणे वागेना म्हटल्यावर १७५० मध्ये तिनेच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, आणि पुढे 'हा माझा नातूच नव्हे' असं जाहीर केलं! नातं जोडणारी तीच, तोडणारीही तीच.

चांद्यात असं घडलं नाही. १७१९ च्या सुमारास कारभार रामशहाकडे आला आणि त्याने १७३५ पर्यंत राज्य केलं. चांद्याला सुडाच्या आणि खुनाच्या कथा सांगायला आवडतात, पण हिराई आणि रामशहा यांच्या भांडणाची कथा चांदा सांगत नाही. उलट रामशहाची आठवण सज्जन राजा अशी आहे. नागपूरकर रघुजी भोसले त्याला भेटायला आले आणि त्याच्या वागण्याने इतके भारावले की त्याला देवासारखं मानू लागले, असं सांगतात. कथेतली अतिशयोक्ती सोडून देऊ. पण परक्या घरातून आणलेल्या पोराला कुणीतरी घडवलं होतं, हे तर उघड आहे. ते काम करायला त्याच्याजवळ पंधरा वर्षं कोण होतं, तेही उघड आहे.

आणि त्या पंधरा वर्षांत तिने बांधलं. झरपट नदीजवळच्या अंचलेश्वर मंदिराची नव्याने उभारणी केली. महाकालीचं मंदिर बांधलं. अंचलेश्वराला लागून गोंड राजांच्या समाध्या आहेत, तिथे बीरशहाची समाधी उभारली, सगळ्यांत मोठी आणि देखणी. स्थानिक लोक कौतुकाने तिला विदर्भाचा ताजमहाल म्हणतात. मला ती तुलना तितकीशी पटत नाही. ताजमहालात नवऱ्याने बायकोसाठी बांधलं, आणि तो नवरा साऱ्या हिंदुस्थानचा बादशहा होता. इथे बायकोने नवऱ्यासाठी बांधलं, तेही दुसऱ्या लग्नाच्या वेळी मारल्या गेलेल्या नवऱ्यासाठी, आणि एका जंगली राज्याच्या बेताच्या तिजोरीतून.

हे प्रेम होतं का? असेलही. पण मला यात राजकारणही दिसतं, आणि त्याने प्रेम कमी होत नाही. राजा खुनात गेला आहे, वारस दत्तक आहे, गादीवर खरी सत्ता बाईची आहे. अशा वेळी शहराच्या वेशीजवळ राजाची भव्य समाधी उभी राहते, तेव्हा ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की घराणं तुटलेलं नाही, हा मुलगा याच राजाचा वारस आहे. तुर्की वालिदेसुद्धा हेच करत होत्या. हुकुमावर नाव मुलाचं, पण मशिदीवर, पाणपोईवर, अन्नछत्रावर नाव आईचं. स्वतःच्या नावाने काही करायची मुभा असलेली ती एकच जागा होती. गुलनुशची उस्कुदारची मशीद आणि हिराईचं महाकालीचं मंदिर एकाच काळात उभे राहिलेत, आणि दोघींना एकमेकींचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

पण इथेच दुसरा फरक येतो, जो मला जास्त बोचतो. ऑटोमन राजवाडा कागद सांभाळणारा होता. भत्त्यांच्या नोंदी आहेत, मशिदींच्या दानपत्रांचे दस्त आहेत, साफियेने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीशी केलेला पत्रव्यवहार आहे. हिराईच्या बाबतीत उरले ते दगड आणि लोकांची तोंडं. चांद्याच्या राजांची बरीचशी हकीकत इंग्रज अधिकारी मेजर ल्युसी-स्मिथ याने १८६९ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या अहवालात लिहून काढली, तेव्हा राज्य जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. हिराईनंतर जेमतेम तीन दशकांत, १७५१ मध्ये, रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशहा, म्हणजे ज्याच्यासाठी हिराईने घराणं वाचवलं त्या रामशहाचा मुलगा, बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत मेला. राज्य गेलं की दप्तरही जातं. प्रोजेक्ट बंद झाला की आपलं डॉक्युमेंटेशन कोण सांभाळतं, तसंच!

मात्र एक गोष्ट चालू राहिली. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून लोक येतात, झरपटेत अंघोळ करतात, पोतराज नाचतात, आणि वाकून गाभाऱ्यात उतरतात. आमच्या घरची म्हातारी माणसं जिवतीला येऊन स्थायिक व्हायच्या आधीपासून या यात्रेला येत होती. त्यांना चांदा माहीत होतं ते महाकालीमुळे. मंदिर कुणी बांधलं असं आजीला विचारलं तर ती म्हणायची, "देवीचं देऊळ देवीनंच बांधलं, बाबू." मी हिराईचं नाव सांगितलं, तर तिने एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि विचारलं, "तिला लेकरू होतं का?" मी म्हटलं, दत्तक होतं. ती म्हणाली, "मग आईच की."

मला वाटतं, तीनशे वर्षांपूर्वी चांद्याच्या दरबारातही मुद्दा हाच होता आणि तो हिराईने आपल्या वागण्याने सिद्ध केला. राजमाता असणं म्हणजे सत्ता हातात असणं इतकंच असेल तर क्योसेम सगळ्यांत थोर ठरेल. पण सत्ता मुलाची अमानत म्हणून सांभाळायची, वाढवायची आणि वेळ आल्यावर परत करायची, हे फार थोड्या जणींना जमलं. तुरहानला जमलं, पोटच्या मुलासाठी. हिराईला जमलं, निवडलेल्या मुलासाठी.

असो. पुण्या-मुंबईहून ताडोबाला वाघ बघायला जाणारी बरीच मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. तुमची सफारी सकाळी किंवा दुपारी असते, मधला वेळ रिसॉर्टमध्ये एसी लावून झोपण्यात जातो. पुढच्या वेळी तेवढ्या वेळात चंद्रपुरात या. अंचलेश्वर दरवाजाजवळ रिक्षा सोडा, समाध्यांत बीरशहाची समाधी बघा, तिथून महाकालीला जा. उन्हाळ्यात आलात तर टोपी आणि पाणी बरोबर घ्या, चंद्रपूरचं ऊन कुणाचंच नातलग नाही. आणि देवळातून बाहेर पडताना कुणाला तरी हे देऊळ कुणी बांधलं ते सांगा. बरोबर आलेल्या मित्राला सांगितलंत तरी चालेल.